फेसाचे कारंजे

लिंबू-सोडा तयार होत असताना एक गंमत हटकून दृष्टीस पडते. पेल्यात ओतलेला सोडा थोड्या वेळाने शांत झालेला असतो; एखाद-दुसरा बुडबुडा तेवढा संथपणे वर येत असतो. इतक्यात त्यात चिमूटभर मीठ पडते आणि तो शांत सोडा एकाएकी खवळून उठतो. पांढरा फेस पेल्याच्या काठावरून खाली ओघळू लागतो. मीठ वरणात पडते, ताकातही पडते; तेथे असा फेस कधी उसळत नाही. मग सोड्यातच तो का उसळावा?

या गमतीचे एक भव्य रूप अलीकडच्या काळात जगभर प्रसिद्ध झाले आहे. शीतपेयाची दोन लिटरची भरलेली बाटली मोकळ्या मैदानात उभी करतात. तिचे टोपण काढून मेंटॉस नावाच्या पेपरमिंटच्या चार-पाच गोळ्या एकदम आत सोडतात आणि चटकन दूर होतात. गोळ्या तळाशी पोचतात न पोचतात तोच बाटलीच्या तोंडातून फेसाचा स्तंभ निघतो आणि दोन पुरुष उंच चढतो. काही सेकंदांतच खेळ आटोपतो व बाटली बरीचशी रिकामी झालेली दिसते. २००५ साली स्टीव्ह स्पँग्लर या अमेरिकन विज्ञानशिक्षकाने हा प्रयोग दूरचित्रवाणीवर करून दाखविला. तेव्हापासून शाळांच्या पटांगणांत आणि विज्ञान-मेळाव्यांत असंख्य मुलांनी तो केला आहे.

हा प्रकार पाहणाऱ्याच्या मनात प्रथम असेच येते की, गोळीत शोभेच्या दारूसारखे काहीतरी दडलेले असावे; गोळी आणि पेय यांचा संयोग होऊन वायू उत्पन्न होत असावा. असा वायू उत्पन्न होण्याचे एक उदाहरण प्रत्येक घरात असतेच. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले असता तो फसफसतो. तेथे लिंबातील आम्ल आणि सोडा यांचा रासायनिक संयोग होतो व पूर्वी नसलेला वायू नव्याने निर्माण होतो. परंतु गोळीच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. गोळी वायू उत्पन्न करीत नाही. जो वायू कारंज्याच्या रूपाने बाहेर पडतो, तो कारखान्यातून निघाल्यापासून त्या बाटलीतच होता. मग गोळीने केले तरी काय? हे समजण्यासाठी आधी तो वायू पाण्यात शिरला कसा, हे पाहिले पाहिजे.

ही हकिगत अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. इंग्लंडमधील लीड्स या गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक धर्मोपदेशक राहत होते. त्यांना विज्ञानाचा मोठा नाद होता. त्यांच्या घराशेजारी बिअर तयार करण्याचा कारखाना होता. तेथील मोठमोठ्या पिंपांत धान्याचे पाणी आंबत असे आणि त्यावर एका जड वायूचा थर साचून राहत असे. जळती काडी त्या थरात धरली की ती विझून जाई. हाच कार्बन डायऑक्साइड वायू होय. १७६७ साली प्रीस्टली यांनी या थरात पाण्याचे भांडे धरून पाहिले. काही वेळाने ते पाणी चाखले, तेव्हा त्याला किंचित आंबूस, चुरचुरीत अशी रुची आली होती. पुढे १७७२ साली त्यांनी खडूवर आम्ल ओतून हा वायू मिळविण्याची व तो पाण्यात मिसळण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. दूरच्या सफरीवर निघणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग जडत असे. त्यावर हे पाणी औषध ठरेल अशी त्यांची आशा होती. ती आशा फोल ठरली. परंतु सोडावॉटरचा जन्म मात्र झाला.

साध्या पाण्यात हा वायू फारसा मावत नाही. हवा बरीच गार असताना, म्हणजे १५ अंश सेल्सिअसच्या सुमारास, एक लिटर पाणी सुमारे एक लिटरच वायू पोटात घेते. पाणी तापले की तेवढाही त्यात राहत नाही. मग अधिक वायू पाण्यात कोंबावयाचा कसा? याचे उत्तर मँचेस्टरचे शास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ साली दिले. त्यांनी दाखवून दिले की, तापमान कायम असेल तर द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाबरोबर वाढते. दाब दुप्पट केला तर वायूही दुप्पट विरघळतो. दाब तिप्पट केला तर तिप्पट. शीतपेयांचे सारे कारखाने याच नियमावर चालतात. तेथे गार पाण्यात मोठ्या दाबाखाली वायू मिसळतात आणि बाटलीचे तोंड लागलीच घट्ट बंद करतात. दोन लिटरच्या एका बाटलीत अशा रीतीने सुमारे सहा ते आठ लिटर वायू गुपचूप बसलेला असतो.

हा दाब केवढा असतो, याचा प्रत्यय गोटी सोड्याच्या बाटलीवरून येतो. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांनी १८७२ साली या बाटलीच्या रचनेचे एकस्व मिळविले. तिला टोपण नसते, बूच नसते. गळ्यात एक काचेची गोटी असते आणि तोंडाशी आतून रबराचे कडे बसविलेले असते. आतील वायूच गोटीला वर रेटून त्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. वायूनेच वायूची वाट अडवावी, अशी ही युक्ती आहे. गोटी खाली दाबताच मोठा आवाज होतो, दाब एकदम उतरतो आणि सोडा फसफसू लागतो. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी हा गोटी सोडा अद्याप मिळतो.

आता खरा प्रश्न पुढे येतो. बाटलीचे तोंड उघडले, दाब उतरला. म्हणजे हेन्रींच्या नियमाप्रमाणे आतील बराचसा वायू आता पाण्यात राहावयास नको. तरी तो सारा एकदम बाहेर का पडत नाही? उघडी बाटली कित्येक तास तशीच ठेवली तरी तिच्यातील चुरचुर पूर्णपणे जात नाही. वायूला बाहेर पडावयाचे तर आहे, पण तो पडत नाही, असा हा चमत्कार आहे.

याचे कारण बुडबुड्याच्या जन्मात आहे. पाण्यात बुडबुडा निर्माण व्हावयाचा म्हणजे पाण्याच्या कणांना बाजूला सारून मध्ये पोकळी करावी लागते. परंतु पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. गवताच्या पात्यावरील दवबिंदू गोल दिसतो तो यामुळेच. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्याप्रमाणे वागतो. या गुणधर्मास पृष्ठताण असे म्हणतात. हा पृष्ठताण बुडबुड्याला चहूबाजूंनी आवळीत असतो आणि बुडबुडा जितका लहान, तितकी ही आवळणी जबर असते. फुगा फुगविताना पहिली फुंकर सर्वांत जड जाते. एकदा का फुगा थोडा फुगला की पुढचे काम सोपे होते. बुडबुड्याचेही तसेच आहे. इवलासा बुडबुडा जन्मताच चिरडला जातो व त्यातील वायू पुन्हा पाण्यात विरून जातो. एका ठरावीक आकाराच्या पुढे जो जाईल, तोच जगतो आणि वाढतो.

तर मग शांत सोड्यात जे थोडे बुडबुडे दिसतात, ते कोठून येतात? काचेच्या पेल्यात सोडा ओतून बारकाईने पाहिले, तर बुडबुड्यांच्या माळा ठरावीक जागांवरूनच वर चढताना दिसतात. त्या जागी काचेवर सूक्ष्म ओरखडा असतो किंवा धुळीचा, कापडाचा एखादा बारीक तंतू चिकटलेला असतो. अशा खाचेत हवेचा लवलेश आधीच अडकून बसलेला असतो. पाण्यातील वायूला तेथे नवी पोकळी निर्माण करण्याचे कष्ट पडत नाहीत. तयार पोकळीत तो नुसता शिरतो. पोकळी फुगते, तिचा बुडबुडा सुटून वर जातो, थोडी हवा मागे उरते आणि दुसरा बुडबुडा फुगू लागतो. दाराशी मोठी गर्दी जमावी आणि बाहेर पडण्यास मात्र एकच अरुंद दिंडी असावी, तशी वायूची अवस्था असते. बाटलीच्या गुळगुळीत भिंतीत अशा दिंड्या फार थोड्या असतात.

पेपरमिंटची गोळी नेमक्या याच दिंड्या आपल्याबरोबर घेऊन पाण्यात उतरते. डोळ्यांना ती गुळगुळीत दिसते. परंतु तिच्यावर साखरेच्या पाकाची पुटे चढविलेली असतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता तिचा पृष्ठभाग खाचखळग्यांनी भरलेला दिसतो. यांतील प्रत्येक खळगा म्हणजे बुडबुड्याचे जन्मस्थान होय. एकाच वेळी सगळ्या गोळीभर बुडबुडे फुटू लागतात. मिठाचे खरबरीत कणही लिंबू-सोड्यात हेच काम करतात.

हे अनुमान बरोबर आहे की नाही, हे केवळ तर्काने ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावे लागतात. अमेरिकेतील ॲपलाशियन स्टेट विद्यापीठात टोन्या कॉफी या भौतिकशास्त्राच्या अध्यापिकेने आपल्या विद्यार्थ्यांसह हे प्रयोग केले आणि २००८ साली ते प्रसिद्ध केले. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. गोळ्यांऐवजी मीठ टाकले, वाळू टाकली, फेस उसळलाच. वाळूचा आणि पेयाचा रासायनिक संयोग होण्याचा संभव नाही. कारंज्याच्या आधी आणि नंतर पेयाची आम्लता मोजली. ती बदललेली नव्हती. कॅफिन असलेले आणि नसलेले पेय घेतले. फरक पडला नाही. पेय कोमट केले, तेव्हा कारंजे जोरदार झाले. थंड केले, तेव्हा ते मंदावले. गोळ्यांचा चुरा करून टाकला, तर कारंजे खुजे झाले. कारण चुरा सावकाश बुडतो, अखंड गोळी मात्र वेगाने तळ गाठते.

तळ गाठण्याला एवढे महत्त्व का असावे? तळाशी जन्मलेल्या बुडबुड्याला वर येईपर्यंत लांबचा प्रवास करावयाचा असतो. वाटेत आजूबाजूच्या पाण्यातील वायू त्याच्यात शिरत राहतो व तो फुगत जातो. असे असंख्य बुडबुडे एकाच वेळी वर निघाले म्हणजे आपल्या डोक्यावरील पाणी ते ढकलीत नेतात. बाटलीचे तोंड अरुंद असते. साऱ्या फेसाला त्यातूनच बाहेर पडावयाचे असल्यामुळे तो कारंज्याच्या वेगाने उसळतो. याशिवाय, गोळीच्या लेपात बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक असतो आणि बिनसाखरेच्या शीतपेयात कृत्रिम गोडी आणणारे द्रव्य असते. ही दोन्ही बुडबुड्यांचा जन्म सुकर करतात. म्हणूनच साखरेच्या पेयापेक्षा बिनसाखरेच्या पेयाचे कारंजे अधिक उंच जाते.

हवेच्या दाबाचाही या खेळात वाटा असतो. टॉम कुंट्झलमन आणि रायन जॉन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी हा प्रयोग वेगवेगळ्या उंचीवरील ठिकाणी करून पाहिला. समुद्रसपाटीहून खाली असलेल्या डेथ व्हॅलीपासून ते सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरापर्यंत ते बाटल्या घेऊन गेले. उंचावर हवा विरळ असते, तिचा दाब कमी असतो. त्यामुळे तेथे फेस अधिक उसळला. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. एका गोळीच्या गमतीसाठी ही माणसे पर्वतशिखर चढून गेली, याचे कोणास नवल वाटेल. परंतु द्रवात कोंडलेला वायू केव्हा शांत राहतो आणि केव्हा उसळतो, हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. कधी कधी तो जीवन-मरणाचाही होतो.

आफ्रिका खंडातील कॅमेरून देशाच्या वायव्य भागात न्योस नावाचे सरोवर आहे. ते एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात पाणी साचून झालेले असून सुमारे २०० मीटर खोल आहे. भूगर्भातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू या सरोवराच्या तळाशी झिरपत असतो. वरच्या पाण्याचा भार एवढा की, तळाशी हवेच्या दाबाच्या वीसपट दाब असतो. सरोवर ही जणू निसर्गाने भरलेली सोडावॉटरची बाटली आणि वरचे पाणी हेच तिचे टोपण. वर्षानुवर्षे वायू विरघळत राहिला. पाण्याचा पृष्ठभाग मात्र शांत होता. काठच्या लोकांना या संकटाची कल्पना नव्हती.

२१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री हे टोपण उडाले. तळचे पाणी कशाने तरी ढवळले जाऊन वर सरकले. वर सरकताच त्यावरील दाब उतरला आणि त्यातून बुडबुडे सुटू लागले. बुडबुड्यांमुळे हलके झालेले पाणी आणखी वर चढले, दाब आणखी उतरला, बुडबुडे आणखी वाढले. पाहता पाहता सरोवर उसळले आणि वायूचा प्रचंड लोट बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. तो आकाशात न चढता डोंगरउतारावरून, पाणी वाहावे तसा, दऱ्याखोऱ्यांत उतरला. सरोवरापासून २५ किलोमीटरपर्यंतच्या वस्त्यांत त्याने माणसांना आणि गुराढोरांना गाठले. श्वासाला हवा न मिळाल्यामुळे सुमारे १,७०० माणसे आणि सुमारे साडेतीन हजार जनावरे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी घरे जागच्या जागी उभी होती, झाडे उभी होती. माणसे मात्र निपचित पडली होती. निळे सरोवर तांबूस झाले होते व त्याचे पाणी सुमारे एक मीटरने खाली गेले होते. दोनच वर्षांपूर्वी, १९८४ साली, त्याच देशातील मोनून सरोवराने ३७ माणसांचा असाच बळी घेतला होता.

देशोदेशींचे शास्त्रज्ञ न्योसच्या काठी जमले. पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा तळाशी अजूनही पुष्कळ वायू असल्याचे आणि त्यात भर पडतच असल्याचे दिसून आले. म्हणजे तोच अनर्थ पुन्हा होणार होता. भूगर्भातून येणारा वायू थांबविणे मनुष्याच्या हाती नव्हते. मग उपाय कोणता?

उपाय सापडला तो त्याच कारंज्यात. वायू एके दिवशी एकदम बाहेर पडतो, हे संकट. तो रोज थोडा थोडा बाहेर पडला तर धोका राहत नाही. मिशेल हाल्बवाक्स या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली २००१ साली सरोवरात तळापर्यंत पोचणारी एक लांब नळी उभी सोडण्यात आली. आरंभी पंपाने तळचे थोडे पाणी नळीतून वर ओढले. ते वर येऊ लागताच त्यात बुडबुडे सुटले. बुडबुड्यांनी पाणी वर ढकलले आणि त्याच्यामागून तळचे नवे पाणी नळीत शिरले. मग पंप बंद केला तरी चालले. तेव्हापासून ते पाणी वायूच्या बळावर आपोआप उसळू लागले आणि सरोवराच्या मध्यभागी सुमारे ५० मीटर उंचीचे शुभ्र कारंजे नाचू लागले. बाहेर पडणारा वायू थोडा थोडा असल्यामुळे वाऱ्याबरोबर विखुरला जाऊ लागला. २००३ साली मोनून सरोवरातही अशीच नळी बसविण्यात आली. २०११ साली न्योसमध्ये आणखी दोन नळ्यांची भर पडली. त्यामुळे दोन्ही सरोवरांतील बराचसा वायू निघून गेला.

ज्या क्रियेने एका रात्रीत गावेच्या गावे ओस पाडली, तीच क्रिया नळीत बांधून घातल्यावर गावांचे रक्षण करू लागली. पाणी तेच होते, वायू तोच होता आणि नियमही तेच होते. बदलले होते ते एवढेच की, वायूने कोणत्या वाटेने आणि किती वेगाने बाहेर पडावे, हे आता मनुष्याने ठरविले होते. मनुष्य निसर्गाचे नियम मोडू शकत नाही. परंतु ते नीट जाणून घेतले तर त्यांच्याकडून काम करवून घेऊ शकतो. हे जाणून घेण्याचा आरंभ मोठ्या प्रयोगशाळेतच व्हावा लागतो असे नाही. हातातील पेल्यात बुडबुड्यांची माळ नेमक्या एकाच जागेवरून का निघते, हा साधा प्रश्न मनात येणे, हाही तो आरंभच असतो.

स्वाध्याय

१. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर होणारी फसफस आणि पेपरमिंटच्या गोळीमुळे उसळणारा फेस यांत कोणता फरक आहे?
२. कारणे लिहा : (अ) गोटी सोड्याच्या बाटलीला बूच लागत नाही. (आ) गोळ्यांचा चुरा टाकल्यास कारंजे खुजे होते. (इ) पर्वतशिखरावर फेस अधिक उसळतो.
३. न्योस सरोवराला 'निसर्गाने भरलेली सोडावॉटरची बाटली' असे का म्हटले आहे?
४. सरोवरात बसविलेल्या नळीतील पाणी पंप बंद केल्यावरही वर का येत राहिले, ते तुमच्या शब्दांत सांगा.
५. काचेच्या पेल्यात सोडावॉटर ओतून त्यात एक मनुका टाका. काय दिसते, त्याचे निरीक्षण करा व कारणासह दहा ओळी लिहा.